‘मग माझी प्रार्थना पण तसलीच होती काय, मॅडम?’

मी कौन्सेलर, हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येतो. कधी फादर व्हायला जाऊन सेमिनरी अर्धी सोडून आलेला पोरगा विचारतो, कधी लग्न ठरलेली मुलगी, कधी तीस वर्षं संसार केलेले सद्गृहस्थ दार बंद आहे ना बघून हळू आवाजात विचारतात. देवावर मनापासून प्रेम आहे, प्रार्थना चुकत नाही, रविवार चुकत नाही, तरी शरीर आपलं म्हणणं सोडत नाही, कुणीतरी हवंसं वाटतं, नको तेव्हा वाटतं, गुडघे टेकलेले असताना पण वाटतं. मग भीती बसते की आपण ढोंगी. यातली एकच केस सांगते, कारण ह्या बाईनं मला जे शिकवलं ते माझ्या कोर्सच्या पुस्तकात नव्हतं.

नाव बदललंय, वय, गल्ली, मुलाचं शहर इकडचं तिकडं केलंय आणि लिहिलेलं तिला वाचून दाखवलंय. शिलाईचं तेवढं काढू नका म्हणाली, म्हणून ते आहे तसं ठेवलंय.

सुलभाक्का म्हणूया. वय सत्तेचाळीस, बेळगावात कॅम्पाच्या बाजूला राहते, ब्लाउज-ड्रेस शिवते, फॉल-पिको करते. नवरा मे २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला, शुगर होती, सहा दिवसांत सगळं आटोपलं. मुलगा बेंगळूरला नोकरीला, घरात ती नि सासू. प्रोटेस्टंट मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, शुक्रवारची बायकांची प्रार्थना तीच चालवते, कुणाचं पोरगं आजारी पडलं, कुणाची कोर्टाची तारीख असली की लोक पास्टरांच्या आधी हिच्याकडे येतात. ‘अक्का, तुम्ही प्रार्थना केली की लागू पडतं.’

माझ्याकडे ती स्वतःहून आली नाही, डॉक्टरांनी पाठवली. मार्च २०२४, लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ, चालू होता, अक्कानं एकवीस दिवसांचं फास्टिंग धरलं होतं, दिवसातून एकदा ताक नि थोडा भात. अठराव्या दिवशी मशीनवर बसल्या बसल्या डोळ्यापुढं अंधारी आली आणि मोटर चालू असताना सुई बोटातून आरपार गेली. टिटॅनसचं इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, एवढा उपास कशासाठी, तर ही रडायला लागली आणि थांबेचना. त्यांनी माझा नंबर लिहून दिला.

माझं क्लिनिक टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ, म्हणजे सेशनमध्ये कुणी महत्त्वाचं काही बोलायला लागलं की नेमकी गाडी जाते. मी स्वतः खानापूरकडच्या कॅथलिक घरातली, घरात कोंकणी, शाळा मराठी, बाजारात कन्नड. हे मुद्दाम सांगते कारण अक्कानं पहिल्यांदा तेच विचारलं. ‘तुमच्यात कॉन्फेशन असतंय न्हवं? फादरना सांगून मोकळं होतासा. आमच्यात कुणाला सांगायचं? पास्टरना सांगितलं तर त्यांची बायको ऐकणार.’

पहिल्या सेशनला ती एवढंच म्हणाली की मनात घाण विचार येतात आणि ते उपासानं पण जाईनात. आणि मी, वीस वर्षं हे काम करणारी बाई, सरळ पाठ केलेलं बोलले. इच्छा नैसर्गिक असते, या वयात हॉर्मोन बदलतात, अपराधी वाटून घेऊ नका, वगैरे. ती मान हलवत राहिली, फी दिली, थँक्यू म्हणाली, पुढची तारीख घेतली आणि आलीच नाही.

तिनं मला एक प्रश्न विचारला होता आणि मी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, हे मला ती परत आल्यावर कळलं. एप्रिलच्या शेवटी, वळवाचा पाऊस पडून गेलेला, पदराला डोकं पुसत आली. म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही म्हटलासा ते घरी जाऊन लई विचार केला. नैसर्गिक आहे म्हटलासा. खरं माझी अडचण ती न्हवंच.’

(आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. आणि आमच्या भागात बायका पण मी आलो, मी गेलो असंच बोलतात, मी सुद्धा घरात तसंच बोलते, पुण्याच्या वाचकांनी चूक समजू नये.)

मग तिनं सांगितलं. शुक्रवारच्या प्रार्थनेत हात वर करून ती उभी राहते, गाणं चालू असतं, आणि छातीत काहीतरी ऊब येते, डोळ्यातून पाणी येतं, अंग हलकं होतं. नवरा गेल्यानंतरची तीन वर्षं तिनं त्या उबेवर काढली. तिला ती पवित्र आत्म्याची भेट वाटायची. आणि मग त्या फेब्रुवारीत एका शुक्रवारी तीच ऊब आली, तीच, जराही वेगळी नाही, आणि त्यात एका माणसाचा चेहरा आला.

‘मग माझी प्रार्थना पण तसलीच होती काय, मॅडम? तीन वर्षं मी प्रभू प्रभू म्हणत काय करत होतो? लोकांच्या डोक्यावर हात ठेवून काय करत होतो?’

गाडी त्याच वेळी गेली. बरं झालं, मला पण उत्तर सुचायला तेवढा वेळ हवा होता.

माणूस कोण, ते तिनं पुढं सांगितलं. शिलाई मशीन दुरुस्त करणारे, खडेबाजारच्या बाजूनं येतात, बावन्नच्या आसपास, बायको जाऊन सात-आठ वर्षं झालेली, तिच्याच मंडळीत मागच्या बाकावर बसतात. तेलाची कुपी, स्क्रूड्रायव्हर, एक जुना टूथब्रश, एवढं पिशवीतून काढून खाली फरशीवर बसतात आणि फारसं बोलत नाहीत. ‘त्यांच्या शर्टाची कॉलर झिजलीया मॅडम, घडीवर पार धागे निघालेत. मला एवढंच वाटतं की ती उसवून उलटी करून शिवून द्यावी. दहा मिनिटांचं काम आहे.’

आणि मग फार वेळ गप्प बसून, तिच्या हिशेबानं आयुष्यातलं सर्वात मोठं पाप तिनं बाहेर काढलं. मशीनच्या बॉबिन केसवर एक बारीक स्क्रू असतो, तिळापेक्षा थोडा मोठा, तो खालच्या दोऱ्याचं टेन्शन धरतो. तो सैल झाला की टाक्याला लूप येतात. अक्का महिन्यातून एकदा स्वतःच्या हातानं तो स्क्रू ढिला करत होती आणि मशीन बिघडलंय म्हणून त्यांना फोन लावत होती.

मला हसू आलं. आवरलं नाही. एक सेकंद ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिला पण आलं, तोंडावर पदर धरून इतकी हसली की बाहेर बसलेल्या मुलीनं दारातून डोकावून बघितलं. तिथून पुढं आमचं खरं काम सुरू झालं.

आता जरा माझं म्हणणं सांगते. अशा माणसाला दोन्ही बाजूंनी तयार उत्तरं मिळतात. मंडळीत कुणीतरी सांगतं की ही इच्छा म्हणजे तुझी देवाचीच ओढ आहे, वाट चुकलीय, ती देवाकडे वळव. पास्टरांच्या घरातून अक्काला तेच सांगितलं होतं, वर बायबलातल्या यशया संदेष्ट्याचं वचन दिलं होतं, तुझा निर्माणकर्ता तुझा पती आहे. आणि माझ्या धंद्यातले लोक बरोबर उलटं सांगतात, की तुझी भक्ती म्हणजे दाबलेली इच्छा, नाव देवाचं. दोघांचं मुळात एकच चालू असतं, दोन भुकांतली एक खोटी ठरवायची आणि हिशेब मिटवायचा. मला वीस वर्षांत असं कुठं दिसलेलं नाही. मला दिसतं ते एवढंच की तहान लागते आणि भूकही लागते, पाण्यानं पोट भरत नाही आणि भाकरीनं तहान भागत नाही, आणि तहान लागली म्हणून भूक खोटी होत नाही.

यशयाचं ते वचन आम्ही दोघींनी काढून वाचलं, ५४वा अध्याय. तो सगळा अध्याय उजाड झालेल्या सियोन नगरीला उद्देशून आहे, देशोधडीला लागलेल्या अख्ख्या लोकांना. कॅम्पातल्या एका बाईनं संध्याकाळी एकटीनं चहा प्यावा असा हुकूम त्यात नाही.

आणि बायबलातल्या उत्पत्तीचा दुसरा अध्याय. हे मी अक्काला विचारलं, ‘आदाम एकटा आहे असं कोण म्हणालं?’ ‘देव म्हणाला की.’ ‘पाप कधी आलं?’ ‘तिसऱ्या अध्यायात.’ ‘मग तेव्हा आदामाजवळ कोण होतं?’ ती बोलायला गेली आणि थांबली. देव होता. देव स्वतः होता जवळ, पाप अजून आलेलं नव्हतं, बागेत काही कमी नव्हतं, आणि तरी देवच म्हणतो, मनुष्य एकटा असावा हे बरे नाही. म्हणजे मी तुझ्याजवळ आहे ना, मग तुला आणखी कोण कशाला पाहिजे, असं खुद्द देव म्हणाला नाही. ते आपण एकमेकांना सांगतो. लहानपणापासून पाठ असलेलं हे वाक्य तिनं त्या दिवशी तीनदा वाचलं, बोट ठेवून, माप बघितल्यासारखं.

राहिला उबेचा प्रश्न, तीच ऊब दोन्हीकडे कशी. त्याला मी पेटीचा दाखला दिला. त्यांच्या उपासनेत पेटी असते. म्हटलं, पेटी एकच, सूर तेच, भाता तोच, तिच्यावर भजन वाजतं आणि लावणी पण वाजते, म्हणून भजन खोटं होतं का? रडू आलं की डोळ्यातून पाणीच येणार, देवासाठी वेगळं आणि नवऱ्यासाठी वेगळं असं पाणी शरीराकडे नाही. छाती भरून येणं, हात थरथरणं, गळा दाटणं, एवढीच चार-सहा साधनं आहेत त्याच्याकडे, त्यातच सगळं भागवायचं असतं. ‘लावणी कशाला म्हणतासा मॅडम,’ म्हणाली, पण पटलं होतं.

तिनं मग स्वतःच एक गोष्ट काढली जी मी आता सगळ्यांना सांगते. स्तोत्र ४२, मराठी बायबलमध्ये शब्द आहे, हरिणी जशी पाण्याच्या प्रवाहांसाठी लुलपते. मी विचारलं, लुलपणे म्हणजे काय हो नक्की? तिचं माहेर चिकोडीकडचं, शेळ्या होत्या. म्हणाली, उन्हाळ्यात शेळी पाण्याकडं धावते बघा, जीभ बाहेर, पोट खालीवर, डोळे पाण्यावर, ते लुलपणं. आणि बोलता बोलता तिलाच लक्षात आलं की हा शब्द अंगाचा आहे. जीभ आहे त्यात, पोट आहे. स्तोत्र लिहिणाऱ्यानं देवाच्या ओढीसाठी जे चित्र घेतलं ते धापा टाकणाऱ्या जनावराचं घेतलं. ६३वं स्तोत्र तर जीवाबरोबर देहाचं नावच घेतं, जीवाला तहान लागलीय आणि देहाला ओढ लागलीय म्हणतं. म्हणजे शरीर बाजूला ठेवून ये असं त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

गीतरत्न, बायबलातलं प्रेमगीतांचं पुस्तक, ते तर त्यांच्या मंडळीत कुणी वाचत नाही. आठ अध्याय आहेत, शुक्रवारी पाळीपाळीनं वाचन चालतं तेव्हा उपदेशक संपला की थेट यशया उघडतात म्हणे. बाराव्या शतकातले बर्नार्ड नावाचे मठवासी संत, त्यांनी याच पुस्तकावर ८६ प्रवचनं दिली आणि तरी तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीपर्यंतच पोचले. ते त्यात आत्म्याची नि देवाची प्रीती बघत होते, ठीक आहे, पण ज्या शब्दांत बघत होते ते शब्द ओठांचे नि चुंबनाचेच होते, त्यांना त्याची लाज वाटली नाही.

पण अक्काचा खिळा वेगळीकडेच अडकला होता, मत्तय ५:२८. जो कोणी स्त्रीकडे कामेच्छेने पाहतो त्याने आपल्या मनात तिच्याशी व्यभिचार केलाच आहे. पुरुषाला सांगितलंय ते बाईला पण लागू, असं ती म्हणाली, आणि मला ते मान्य आहे, हे वचन मऊ करायला मी बसलेली नाही. फक्त दोन गोष्टी दाखवल्या. मूळ ग्रीकमध्ये तिथं रोख हेतूवर आहे, इच्छा चेतवायची म्हणूनच बघत राहणं, समोरच्याला मनात नेऊन वापरणं. सहज मनात येऊन गेलं आणि बोलावून बसवलं यात फरक आहे. दुसरं म्हणजे तिथं जे क्रियापद आहे तेच लूक २२:१५ मध्ये येशूच्या तोंडी आहे. शेवटच्या रात्री तो शिष्यांना म्हणतो, दुःख भोगायच्या आधी तुमच्याबरोबर हे भोजन करायची मला फार फार इच्छा होती. तोच शब्द, दोनदा जोडून. ज्याला उद्या मरायचंय त्याला आपल्या माणसांच्या बरोबर बसून जेवायचं होतं, आणि हे त्यानं लपवलं नाही.

‘बरं, तुम्ही त्या माणसाला मनात नेऊन काय करता?’ मी विचारलं.

‘काय करणार, कॉलर उलटी करून देतो,’ ती फणकाऱ्यानं म्हणाली. मग खाली बघून, ‘आणि दुसरं पण येतं मधनं मधनं. नाही असं नाही.’

तेही टिपून घेतलं. ते आलं नसतं तर मला काळजी वाटली असती.

एक सेशन आम्ही कुंद्यावर, म्हणजे आमच्या बेळगावच्या मिठाईवर, घालवलं. मी म्हटलं, पाच मिनिटं कुंदा सोडून कशाचाही विचार करा, कुंदा आठवला की टेबलावर टकटक करा. अक्कानं टेबल वाजवून वाजवून सोडलं. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं हाच प्रयोग पांढऱ्या अस्वलावर केला होता, अस्वल आठवायचं नाही म्हणून सांगितलेल्या लोकांना ते आठवत राहिलं आणि नंतर मोकळीक दिल्यावर तर जास्तच आठवलं. एकवीस दिवसांच्या उपासात अक्का दिवसभर हेच करत होती, त्या माणसाला आठवायचं नाही, आठवायचं नाही, आणि उपाशीपोटी. उपास वाईट नाही, मी पण धरते, पण कुणाला तरी मनातून हाकलायला धरलेला उपास त्यालाच पाटावर बसवून ठेवतो.

इथं एक गोष्ट आडवी सांगते कारण वाचणाऱ्यात कुणीतरी असेल. अक्काचं दुखणं हे नव्हतं, पण काही जणांना विचार येतो, मग माफीची प्रार्थना, ती नीट झाली नाही म्हणून परत, मग परत, दिवसाला तीस-चाळीस वेळा, कॉन्फेशन करून बाहेर पडायचं आणि दारातूनच परत रांगेत उभं राहायचं. तो जास्तीचा पवित्रपणा नाही, तो ओसीडी नावाच्या मनाच्या आजाराचा प्रकार असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. इग्नेशियस लोयोला, ज्यांनी पुढं येशूसंघ काढला, ते १५२२ मध्ये मान्रेसाला असताना याच फेऱ्यात इतके अडकले होते की जीव द्यावा असं त्यांच्या मनात यायचं. तेव्हा लाजू नका, डॉक्टरांना भेटा, आणि रात्री अपरात्री कुणीच नसलं तर १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, आपल्या भाषेत बोलता येतं.

अक्काला मी गायनॅककडे पण पाठवलं. पाळी अनियमित होती, रात्री घाम फुटून जाग यायची, त्याचं औषध-पाणी झालं, झोप लागायला लागली. त्यानं बरंच सोपं झालं पण प्रश्न तिथं संपला नाही, आणि तिथं संपवायचा मोह मला परत एकदा झाला होता हे कबूल करते.

मग वहीचं काम. मी नेहमी नवीन वही आणायला सांगते, तिनं आणली मापाची वही, लांबट, कव्हरला तेलाचे डाग, आत ‘छाती ३६, कंबर ३०, बाही ९’. मागच्या कोऱ्या पानावर तिनं रेघ मारली. एका बाजूला देवाकडून काय पाहिजे, दुसऱ्या बाजूला माणसाकडून काय पाहिजे. एक आठवडा लागला. माणसाच्या बाजूला होतं: संध्याकाळी साडेसहाला चहा. जेवलीस का म्हणून विचारणारा. दवाखान्यात जाताना बरोबर. आणि त्याच्याखाली, बारीक अक्षरात, पाठीवर हात.

ते वाचून दाखवताना ती म्हणाली, ‘दिवसभर टेप घेऊन बायकांच्या अंगाला हात लावतो मी. छाती, कंबर, खांदा, दंड. वीस-पंचवीस बायका होतात सणाच्या आधी. खरं मला कुणी हात लावून तीन वर्षं झाली.’

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतं.

देवाच्या बाजूला कमी होतं. मरणाची भीती जावी. मुलाला सांभाळ. आणि एक ओळ अशी होती की ती रेघेवरच लिहिली होती, इकडं पण नाही तिकडं पण नाही: ‘शेवटच्या रात्रीची माफी.’

कुणाकडून, विचारलं. तेच कळेना म्हणाली.

नवरा वॉर्डात होता, आत सोडत नव्हते. पाचव्या रात्री त्यानं फोन केला, धाप लागलेली, म्हणाला तू ये. ही म्हणाली सकाळी बघतो, आत सोडत नाहीत, तुम्ही झोपा. सकाळी फोन आला तो दुसऱ्याचा. तोंड बघायला मिळालं नाही, प्लास्टिक बघितलं. आणि घरात सासू कोसळलेली, मुलगा बावीस वर्षांचा, म्हणून ही रडली नाही, तिसऱ्या दिवशी लोकांच्या घरी प्रार्थनेला गेली कारण त्यांच्या घरात पण कोण ना कोण गेलेलं. रडली ती शुक्रवारी, हात वर करून, तीन वर्षं. मंडळीला वाटायचं अक्काला आत्म्याचा स्पर्श झाला. तिलाही तेच वाटायचं.

त्यातलं किती देवाचं होतं आणि किती नवऱ्याचं, याचं माप मी काढायला गेले नाही. तिनं विचारलं, मी म्हटलं मला नाही काढता येत, आणि काढायचं कशाला, तुम्ही रडत होता ते देवापुढंच ना. जून आणि जुलै आम्ही फक्त त्या रात्रीवर बोललो. मशीनवाल्यांचं नाव पण निघालं नाही. शेवटी ती कबरस्तानात जाऊन आली, एकटीच, पावसात, आणि ‘तू ये’ म्हटलेल्याला आल्याचं सांगून आली.

मी सगळ्यांना लग्नाकडे ढकलते असं कुणी समजू नका. माझी एक मावशी सिस्टर होती, चाळीस वर्षं कॉन्व्हेंटमध्ये. मी तरुण असताना तिला आगाऊपणानं विचारलं होतं, तुला कधी काही वाटलं नाही का? ती लसूण सोलत होती. म्हणाली, भूक गेली म्हणून मी इथं आले नाही बाय, भुकेसकट आले. आणि रात्री जेवणाच्या टेबलावर त्या अकराजणी अशा खिदळायच्या की मदर सुपिरियरना चमचा आपटावा लागायचा. एकटं राहणं हेही दान आहे, प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ७व्या अध्यायात दोन्हीला कृपादानच म्हटलंय. पण मावशीनं ते निवडलं होतं, आणि तिच्या आजूबाजूला दहाजणी होत्या. अक्कावर ते येऊन पडलं होतं, आणि आजूबाजूला तिची प्रार्थना लागणारी माणसं होती फक्त.

त्याच अध्यायाच्या शेवटी विधवेला स्पष्ट मोकळीक आहे, पाहिजे त्याच्याशी लग्न कर, फक्त प्रभूमध्ये. हे अक्काला तोंडपाठ होतं. मग अडत कुठं होतं? ‘आमच्यात असं करत नाहीत.’ आमच्यात म्हणजे कुणात, विचारलं तर सांगता येईना. बायबलात नाही, मंडळीच्या नियमात नाही, ते आपल्या गल्लीतून आलेलं, धर्म बदलला तरी उंबऱ्याच्या आत राहिलेलं. बायबलातली रूथ विधवाच होती, रात्री खळ्यावर स्वतः चालत गेली बवाजाकडं, आणि मत्तयानं येशूची वंशावळ लिहिताना तिचं नाव गाळलं नाही. मी म्हटलं, ज्या टिळकांची भजनं तुम्ही शुक्रवारी गाता, त्या नारायण वामन टिळकांचा १८९५ मध्ये बाप्तिस्मा झाला आणि लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या, तेव्हा प्रभू मिळाला म्हणून टिळकांनी बायकोची वाट बघायची सोडली नव्हती. अक्का म्हणाली ते पुरुष होते मॅडम. ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही, बरोबरच आहे तिचं.

सप्टेंबरात ती म्हणाली, स्क्रू आवळून टाकला. बिघडलं तरच बोलवायचं, उगाच नाही. नोव्हेंबरात मशीन खरोखरच बिघडलं, बेल्ट गेला. ते आले, बेल्ट घातला, तेल दिलं, जाताना पिशवी भरता भरता, मान वर न करता म्हणाले, ‘बॉबिन केसचा स्क्रू आपोआप ढिला होत नाही, ताई. तीस वर्षं हेच काम करालोय.’

अक्का म्हणते जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. मग चहा केला. ते ताई म्हणाले त्याचं काय, मी विचारलं. म्हणाली, पुढच्या वेळी ताई नाही म्हटले.

ख्रिसमसच्या आठ दिवस आधी ती माझा ब्लाउज द्यायला आली होती, क्लायंट म्हणून नाही, बसलीच नाही, दारात उभ्या उभ्या बोलली. मंडळीत अजून कुणाला सांगितलेलं नाही. मंडळी जुनी, घरं मोजकी, सगळे एकमेकांचे पाहुणे, कळायला वेळ लागणार नाही. शुक्रवार चालू आहे, हात कधी वर जातात कधी जात नाहीत. सासूला कळलंय असं वाटतं, कारण ती चहा आता तीन कप ठेवते. मुलाला फोनवर सांगितलं, त्यानं काही न बोलता फोन ठेवला, दोन दिवस उचलला नाही. तिसऱ्या दिवशी रात्री अकराला त्याचाच फोन.

‘काय म्हणाला?’

‘म्हणाला, त्यांना शुगर आहे का.’

‘मग?’

‘नाही म्हणून सांगून टाकलं,’ अक्का म्हणाली. ‘खरं मला कुठं माहीत आहे. विचारायला पाहिजे.’